उरलेले तुकडे

शनिवारच्या बायबल अभ्यासात आमच्या चर्चमधल्या दोन वडीलधाऱ्यांची जुंपली होती. ख्रिस्ताने प्राण दिला तो साऱ्या जगासाठी, की देवाने निवडलेल्यांसाठीच? "देवाचं काही वाया जात नाही," एक जण ठासून म्हणाले, "म्हणजे निवडलेल्यांसाठीच."

मागच्या बाकावर सुमनमावशी उद्याच्या प्रभुभोजनात ख्रिस्ताच्या देहाची खूण म्हणून वाटायचा पाव कापत होत्या. आम्ही येऊन-जाऊन चाळीस माणसं, आणि ताट शिगोशीग भरलेलं.

"मावशी, एवढे तुकडे कोणाला?" मी विचारलं.

"येईल त्याला."

"आणि उरले तर?"

"दर वेळी उरतातच की," म्हणत त्यांनी पुढचा पाव घेतला.

वाद चालूच राहिला. मी मात्र निवांत झालो. मध्ये कितीतरी वर्षं मी चर्चची पायरी चढलो नव्हतो. त्या सगळ्या वर्षांत, दर वेळी, ताटात माझा तुकडा होता.