परिपाठाचा इंग्रजी शब्द

हे म्या आजवर कुणालाच सांगितलं न्हाय. आईला न्हाय, दोस्तांना तर न्हायच — त्यांनी याचीबी नक्कल करून घेतली असती माझ्याकडून.

नकला म्हंजे आपला धंदाच. उमरग्याच्या शाळेत हेडसरांचं खाकरणं, शिपायाची चाल — समदं करायचो. पोरं हसली की मला भाकर गोड लागायची. पण त्या दिवशी... थांबा, आधी शिवलीलाचं सांगतो.

ती आठवीत आली, सीमेपलीकडच्या कन्नड शाळेतनं. मराठी अडखळत, इंग्रजी त्याहून. आमच्याकडं रोज सकाळी परिपाठाला एकानं माइकवर इंग्रजी शब्द, अर्थ आन् वाक्य सांगायचं. तिची पाळी आली. चांगला शब्द दे म्हणून माझ्याकडंच आली — विश्वासानं.

म्या दिला. डफर. म्हंजे लई हुशार माणूस, म्हणलं. मोठ्यांनाबी लावतात, मान वाटतो त्यांना. वाक्यबी म्याच बसवून दिलं. तिनं वहीत कन्नडमधी लिहून घेतलं, पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी समदी शाळा रांगेत. ती मान वर करून खणखणीत म्हणाली, आमचे हेडसर डफर आहेत. मग समदे जे हसले! सगळ्यात आधी कोण? मीच.

हेडसरांनी इचारलं, कुणी दिला शब्द? मीच शोधला, म्हणाली. तासभर उन्हात उभी राहिली.

मधल्या सुट्टीत तिच्याकडं गेलो. खरं सांगायलाच निघालो व्हतो — पण तोंडातनं काय निघालं? मलाबी अर्थ तसाच वाटला व्हता, म्हणलं.

"जाऊ दे रे, तुझंबी चुकलंच की."

मला धीर दिला तिनं. मला! आन् मला तर तो शब्द चौथीपासनं पाठ — गणिताचे सर रोज मलाच म्हणायचे, डफर, मठ्ठ कुठला. वर त्या साली गॅदरिंगला म्या तिचीच नक्कल केली. टाळ्या घेतल्या. दहावीपर्यंत तिनं माइक धरला न्हाय.

आता ती शिक्षिका हाय. माझी पुतणी परी तिच्याच वर्गात. परवा सांगत व्हती, "काका, आमच्या बाई परिपाठाचा शब्द आधी सोता तपासतात. म्हणल्या, मी आन् माझ्या दोस्तानं अर्थ न बघताच शब्द घेतला व्हता, लई फजिती झाली. आन् काका, माइकवर बाई काय खणखणीत बोलतात!"

दोस्त. अजून दोस्तच म्हणती व्हय?

शनिवारी पालकसभा हाय. दादाला काम हाय, म्या जाणार. दोस्ताला अर्थ ठाऊक व्हता — एवढंच सांगायचंय. कुणाचाबी आवाज न काढता, माझ्याच आवाजात.