डॉक्टरबाईंच्या गाडीचं तिसरं पेडल

गाडी आमच्या फाटकातच थांबली. इंजिन चालू होतं, पण चाकं फिरत नव्हती. बाईंनी दांडी मागेपुढे करून पाहिली, पाय दाबला, तसं इंजिन मोठ्यानं ओरडलं आणि गाडी जागची हलली नाही. मी वाकून पाहिलं तर खाली लाल तेल सांडलेलं.

"काय दिसतंय?" बाईंनी खिडकीतून विचारलं.

"तेल आहे. लाल."

"मग गिअरबॉक्स गेला," त्या म्हणाल्या आणि इंजिन बंद केलं. पण लगेच उतरल्या नाहीत. बराच वेळ स्टिअरिंग धरून बसून राहिल्या.

मी पालघरला डॉक्टरबाईंकडे बावीस वर्षं कामाला आहे. स्वयंपाक करते, कपडे बघते आणि सकाळी त्यांच्या डाव्या पायाला तेल लावते. तो पाय लहानपणीच्या तापात गेला. मांडीपासून खाली अगदी बारीक आहे आणि उन्हाळ्यातही गार लागतो. बाहेर जाताना लोखंडी पट्ट्यांचा बूट घालावा लागतो. वरून साडी आली की काही दिसत नाही. मी कामाला लागले तेव्हा बाईंच्या आई होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं होतं, "तिच्या पायाचं बाहेर बोलायचं नाही." मी मुळातच कमी बोलते, त्यामुळे मला ते जड गेलं नाही. दवाखान्यात पेशंट यायचे तेव्हा बाई टेबलामागे बसलेल्या असायच्या. रस्त्यात दिसल्या तर गाडीत बसलेल्या. पुष्कळांना कधी कळलंच नाही, आणि ज्यांना कळलं तेही मान राखून बोलले नाहीत.

गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. परदेशी, राखाडी रंगाची, माझ्याहून वयानं मोठी. तिचे गिअर आपोआप पडायचे. उजव्या पायानं वेग द्यायचा, त्याच पायानं ब्रेक लावायचा, डाव्या पायाला काही कामच नव्हतं. वडिलांनी मुद्दाम तशी शोधून आणली होती.

दवाखाना बंद केल्यावरही बाई आठवड्यातून दोनदा गाडी काढायच्या. मी शेजारी बसायची. सातपाटीला बंदराजवळ गाडी उभी केली की मासळीवाल्या टोपल्या घेऊन खिडकीशी यायच्या.

"डॉक्टर, ह्ये बगा. आताच होडीतनं उतरलंय."

"परवा उतरलंय. डोळे बघ त्याचे."

"डोलं तुमी मानसांचं बगा. माशाचं आमाला बगू द्या."

बाई हसायच्या. घरी त्या इतक्या हसत नसत. रिक्षात त्या बसत नाहीत, कारण चढताना पाय हातानं उचलून आत घ्यावा लागतो आणि तो सगळ्यांच्या समोर उचलावा लागतो. म्हणजे गाडी नाही तर बाई घरात.

गाडी दुरुस्त करणारे मिस्त्री मूळचे सातपाटीचे. आधी होड्यांची इंजिनं करायचे, मग बोईसरला तारापूरच्या रस्त्याला गॅरेज टाकलं. एरवी ते घरी येऊन गाडी घेऊन जायचे आणि परत आणून सोडायचे. ह्या वेळी ओढून न्यावी लागली. पुढचं सगळं बाईंच्या भाच्यानं मुंबईहून फोनवर ठरवलं. बाई मला म्हणाल्या, "तू मधूनमधून जाऊन बघून येत जा. तो माणूस फोन उचलत नाही."

पहिल्यांदा गेले तेव्हा जुना गिअरबॉक्स पोत्यावर उघडून ठेवला होता. आतल्या चकत्या जळून काळ्या पडल्या होत्या.

"ह्याचा सामान आता कुटं मिलत नाय, ताई," मिस्त्री म्हणाले. "पन तसल्याच गाडीचा दुसरा गिअरबॉक्स भंगारात मिलालाय. तो बसवतो. चांगली पलेल."

मला वाटलं, होता तसाच दुसरा. घरी येऊन बाईंना तसंच सांगितलं. त्या खूश झाल्या.

चार दिवसांनी परत गेले. मिस्त्री गाडीत आडवे होऊन, डोकं खाली घालून काहीतरी सोडवत होते. ब्रेकचं पेडल काढून ते बाहेर आले. ते पेडल आमच्या गाडीला चांगलं वीतभर रुंद होतं. मिस्त्रींनी ते शिकंज्यात धरलं आणि ग्राइंडरनं अर्ध्यात कापलं. मी विचारणार होते, पण ठिणग्या उडत होत्या आणि आवाज फार होता. मग ते कापलेलं पेडल त्यांनी परत जागेवर लावलं आणि त्याच्या डावीकडे आणखी एक लटकवलं.

मी मोजली. तीन झाली. आधी दोन होती.

"आता आपल्या इकडच्या गाड्यांसारखी झाली," मिस्त्री म्हणाले. "हातानं गिअर, डाव्या पायानं क्लच. कुटं बी दुरुस्त होईल."

मी त्या तिसऱ्या पेडलाकडे बघत उभी राहिले. तेवढ्यात भाच्याचा फोन आला. मिस्त्रींनी त्याला काम कुठवर आलं ते सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"मावशी, आत्याला आत्ताच काही बोलू नका," भाचा म्हणाला. "गाडी चालू झाली की आपण ड्रायव्हर ठेवू. ह्या वयात तिनं कशाला चालवायची? तुम्हालाही शेजारी बसून जीव मुठीत धरावा लागत असेल."

मी "हो" म्हटलं. मला फोनवर नाही म्हणता येत नाही. समोरासमोरही येत नाही. खरं तर बाईंच्या शेजारी बसून मला कधी भीती वाटली नव्हती.

घरी बाईंनी विचारलं, "काय म्हणतो?"

"चाललंय काम."

दुसऱ्या दिवशी सकाळी पायाला तेल लावत होते, तर त्या म्हणाल्या, "ह्या वेळी सातपाटीचे सरंगे चुकणार बहुतेक." मी खाली मान घालून पाय चोळत राहिले. असे आठ दिवस गेले. रोज तो पाय माझ्या हातात असायचा आणि रोज बोलायचं राहून जायचं. भाच्याला हो म्हटलं होतं, आईंनी बाहेर बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. आत बोलले असते तर भाच्याचा शब्द मोडला असता. बाहेर बोलले असते तर आईंचा.

नवव्या दिवशी बोईसरला गेले तर गाडी पुसून उभी होती.

"उद्या आनून सोडतो," मिस्त्री म्हणाले.

एसटीत मी वाक्य जुळवून ठेवलं होतं. ते तसंच्या तसं आलं नाही.

"दादा, बाई गाडी स्वतः चालवतात."

"ठावं हाय. आता डायवर ठेवतील ना. सायेब बोलले."

"त्यांना ड्रायव्हर नकोय."

"मंग चालवू दे. क्लचची सवय व्हायला चार दिवस लागतील. मी शिकवीन."

"त्यांचा डावा पाय चालत नाही."

मिस्त्रींच्या हातात पाना होता, तो त्यांनी बॉनेटवर ठेवला. मग गाडी खराब होईल म्हणून उचलून खाली ठेवला.

"कवापासून?"

"लहानपणापासून."

"पंदरा वर्सं मी ही गाडी बगतोय," ते म्हणाले. "ब्रेकच्या पेडलाचा डाव्या बाजूचा रबर नवाच्या नवा. मला वाटायचं बाई किती जपून वापरतात." मग ते माझ्याकडे वळले. "मला कुनी बोललं का नाय?"

आईंचं सांगून आता काय होणार होतं.

जुना गिअरबॉक्स परत बसवता येण्यासारखा राहिला नव्हता. मिस्त्री गाडीचं दार उघडून पेडलांकडे बघत बसले, मग गिअरचा दांडा धरून बघितला. शेजारच्या लेथवाल्याला त्यांनी हाक मारली. तो उत्तर प्रदेशातला माणूस. दोघांनी गाडीखाली डोकं घालून बघितलं.

"क्लच हाथ से?" लेथवाल्यानं विचारलं. "पैर का काम हाथ से कैसे होगा?"

"होडीवर सगलं हातानंच होतं," मिस्त्री त्याला मराठीतच म्हणाले. "पाय तिथं कोन वापरतो?" मग मला सांगितलं, "गिअरच्या दांड्याला मूठ बसवतो, सायकलच्या ब्रेकसारखी. तिथनं केबल खाली क्लचला. मूठ आवलली का क्लच दाबला, सोडली का सुटला. होडीला लागते तसली जाड केबल माज्याकडं हाय. पन बाईंच्या हाताला किती जोर हाय ते बगावं लागंल. त्यांना घेऊन या."

म्हणजे घरी सांगणं आलंच.

बाई दुपारचा चहा पीत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: पेडल, भाच्याचा फोन, मिस्त्रींची केबल. बाईंनी कपबशी बाजूला ठेवली. संपल्यावर एवढंच विचारलं, "तू त्याला पायाचं सांगितलंस?"

"हो."

"बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेलाची वाटी घेऊन गेले तर म्हणाल्या, "नको आज." तिसऱ्या दिवशीही नको. जेवणाचं, भाजीचं बोलायच्या, त्याहून जास्त एक शब्द नाही. मला वाटलं, आता इथलं काम सुटलं. कुठे जायचं ह्याचाही मी विचार करून ठेवला. भाच्याचा फोन आला तेव्हा मात्र मी ओट्याशी होते आणि मला ऐकू आलं. "मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं," बाई त्याला म्हणत होत्या, "म्हणून तू विचारलं नाहीस. गाडी माझी आहे." मग त्यांनी फोन ठेवला आणि मला हाक मारली.

"रिक्षा बोलव. बोईसरला जायचंय."

रिक्षा फाटकात आली. समोरच्या दुकानावर चारपाच माणसं होती. बाईंनी एका हातानं दांडा धरला, बसल्या आणि दुसऱ्या हातानं पाय उचलून आत घेतला. बुटाच्या पट्ट्या दिसल्या. रिक्षावाला तेवढा वेळ आरसा पुसत होता. वाटेत बाई म्हणाल्या, "तेल उद्यापासून लाव. दुखतोय."

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी खुर्ची मांडून ठेवली होती. बाई खुर्चीवर बसल्या नाहीत. काठी टेकत सरळ गाडीपाशी गेल्या, आत बसल्या आणि मूठ आवळून बघितली. ती निम्मीसुद्धा आवळली नाही.

"बाई, इंजेक्शन देताना लावायच्या तेवडा जोर लावा," मिस्त्री म्हणाले.

"तुला दिलं होतं का मी?"

"माज्या लग्नाच्या आदी. अजून दुकतंय."

"मग सुई बरोबर लागली होती," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी मूठ काढली आणि लेथवाल्याकडून लांब दांड्याची करून आणली. पुन्हा बघितलं, पुन्हा काढली, आणखी बोटभर लांब केली. तिसऱ्यांदा ती आवळली. मग ते खाली वाकले आणि त्यांनी बसवलेलं तिसरं पेडल सोडवून बाहेर काढलं.

"ऱ्हाऊ दिलं तर बाईंचा पाय खाली अडकंल," ते मला म्हणाले आणि पेडल पोत्यावर टाकलं.

कारखान्यांमधला रस्ता दुपारी रिकामा असतो. तिथे बाईंनी गाडी काढली. पहिल्यांदा गचका देऊन बंद पडली. दुसऱ्यांदाही. उजव्या हातात स्टिअरिंग, डाव्या हातात मूठ, तोच डावा हात गिअर टाकणार. मिस्त्री बाहेरून खिडकी धरून चालत होते आणि सांगत होते, "हलू सोडा. होडी धक्क्याला लावताना सोडतात तशी." बाई म्हणाल्या, "मी होडी कधी लावली?" सातव्या का आठव्या वेळी गाडी न गचकता निघाली आणि मिस्त्री मागे राहिले.

त्या दिवशी गाडी गॅरेजमध्येच ठेवली. पुढे दहाबारा दिवस आम्ही रिक्षानं जात होतो. बाई त्याच रस्त्यावर फेऱ्या मारायच्या. संध्याकाळी त्यांचा डावा हात सुजायचा, म्हणून मी पायाबरोबर हातालाही तेल लावायला लागले. कागदपत्रांचं मिस्त्रींनी बघितलं. मग एका सकाळी बाई बोईसरहून गाडी घेऊन घरी निघाल्या. मी शेजारी होते.

पालघरच्या पुलाच्या चढावर पुढच्या गाड्या थांबल्या. बाईंनी ब्रेक लावला, हँडब्रेक ओढला आणि मग तशाच थांबल्या. पुढच्या गाड्या हलल्या. मागच्या टेम्पोनं हॉर्न दिला. मला आधी कळलं नाही त्या का निघत नाहीत. मग बघितलं. उजवा हात स्टिअरिंगवर, डावा मुठीवर, उजवा पाय आता वेगावर लागणार. हँडब्रेक सोडायला हात उरला नव्हता. सपाट रस्त्यावर ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, मिस्त्रींच्याही नाही.

"हँडब्रेक धर," बाई म्हणाल्या.

मी धरला.

"टोकाचं बटण दाबून ठेव. मी म्हटलं की सोड."

इंजिनाचा आवाज वाढला. गाडी पुढून किंचित उचलल्यासारखी झाली.

"सोड."

मी सोडला. गाडी हातभर मागे गेली, टेम्पोवाला ओरडला, आणि मग ती चढायला लागली. माथ्यावर पोचल्यावर बाईंनी आरशात मागे बघितलं.

"मी घाईनं सांगितलं," मग त्या म्हणाल्या. "आणि तू लगेच सोडलास."

आता सातपाटीला जाताना पूल आला की मी आधीच हँडब्रेकवर हात ठेवते. त्यांच्या सांगण्याची वाट बघत नाही. त्यांच्या डाव्या हाताची बोटं मुठीवरून सुटायला लागली की सोडते.