बाजारात ओळख द्यायची की नाही

समुपदेशनाच्या एम.ए.ची मुलं-मुली कोलशेतच्या केंद्रावर पाठवणं हे माझं काम. वेळापत्रक माझं, किल्ल्या माझ्याकडे, कोण कुणाशी बोलणार तेही मीच ठरवते. मुलांना प्रात्यक्षिक हवं असतं, वस्तीला मन मोकळं करायला जागा. दोन खुर्च्यांत दोन्ही भागतं. कोपऱ्यातली तिसरी खुर्ची माझी, येणाऱ्याची हरकत नसेल तर.

मुलांसाठी माझी नियमांची यादी आहे. त्यातला एक असा: केंद्रात येणारं माणूस बाहेर दिसलं तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. त्याने हाक मारली तर बोलायचं, नाहीतर सरळ पुढे. कोण केंद्रात जातं हे आपल्यामुळे कुणाला कळायला नको.

एका विद्यार्थिनीकडे कोळीवाड्यातली एक मावशी यायची. नवरा गेल्यापासून तिने मासळीची पाटी उचलली नव्हती. बाजारातल्या तिच्या जागेवर तिची जाऊ बसायची. बऱ्याच भेटींनंतर मावशी म्हणाली, "बघते, शुक्रवारी बसते."

त्या शुक्रवारी वर्तकनगरमधलं काम उरकून ती विद्यार्थिनी आणि मी बाजारातून निघालो. मला मांदेली घ्यायची होती. समोरच मावशी बसलेली, पाटीत बोंबील, कोळंबी. मुलीचा चेहरा खुलला. लगेच तिने मान वळवली आणि शेजारणीच्या पापलेटांकडे बघत पुढे गेली. शाब्बास, मी मनात म्हटलं.

पुढच्या भेटीला मावशी आलीच नाही.

"मॅडम, ती परत घरी बसली असेल तर?" मुलगी रडवेली झाली.

"फोन कर. एकदाच. बोलावू नकोस, कशा आहात एवढंच विचार."

फोन मावशीनेच उचलला. "येते. तोंडावर बोलायचंय मना."

आली ती तरातरा. खुर्चीवर बसलीसुद्धा नाही.

"काय गो, माझी मासळी सडलेली होती?"

"नाही हो मावशी…"

"मग तोंड का फिरवलंस? इतक्या दिवसांनी पाटी घेऊन बसले. वाटलं, ही बघेल, दोन शब्द बोलेल. तर ही पापलेट बघते! मना वाटलं, खोलीत गोड बोलायचं आणि बाहेर लाज वाटते माझी. दुसऱ्या दिवशी गेलेच नाय बाजारात."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. उत्तर तिनेच द्यायचं होतं. तिने नियम सांगितला, त्यामागचं कारणही सांगितलं. मावशी ऐकता ऐकता खाली बसली.

"लपवतेस कुणापासून? मी इथे येते ते आख्ख्या कोळीवाड्याला ठाऊक हाय. जाऊच सोडून जाते मना दारापर्यंत."

 मग मुलीने जे विचारलं ते मला सुचलं नसतं. "मग मावशी, बाजारात मी दिसले तर तुम्हाला काय आवडेल?"

मावशीने खरंच विचार केला. "भाव विचार. सगळ्या बायका विचारतात तसा."

"पण विकत नाही घेता येणार मला. येणाऱ्यांशी पैशाचा व्यवहार करायचा नाही, तोही नियम आहे."

"कसले गो तुमचे नियम! घेऊ नको. विचार नि जा. पुढचं मी बघते."

त्या संध्याकाळी मी यादीतला तो नियम खोडला नाही. त्याच्याखाली एक ओळ वाढवली: बाहेर भेटलो तर काय करायचं, हे पहिल्याच दिवशी येणाऱ्याला विचारावं. तेव्हापासून मी प्रत्येकाचं उत्तर कान देऊन ऐकते. वर्तकनगरातले एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "नुसती मान हलवा, पण बायको बरोबर असेल तर तेवढंही नको." असं का, याचं मला अजून कुतूहल आहे.

मावशीशी ते बोलणं झालं त्यानंतरच्या शुक्रवारी मुलगी एकटीच बाजारात गेली. मी मुद्दाम लांब उभी राहिले. मावशी जागेवर होती.

"कोळंबी कशी दिली?"

मावशीने भाव सांगितला. मुलीने "महाग आहे" म्हणत पाठ फिरवली आणि मागून आख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा आवाज आला:

"बघा गो बघा! खिशात दमडी नाय, नि निघाली कोळंबी खायला!"

शेजारणी खो खो हसल्या. मावशी पाटीवर पाणी शिंपडत पुढच्या गिऱ्हाइकाला हाका मारू लागली.