सूर्य तोच, गोधडी जाड

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायचं म्हटलं की मला आदल्या दिवसापासून झोप लागत नाही. केस पिकायला लागले, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवता शिकवता घसा बसला, तरी वैशाख आला की मी शहरातल्या, मेहरूणच्या घराला कुलूप लावते आणि पांझरेकाठच्या आमच्या गावाकडे सुटते. बाहेर ऊन असं, की एसटीच्या खिडकीच्या गजाला हात लावला तर चटका बसावा. तरी मी खिडकीच धरते. धुळं मागे पडलं आणि काळ्या नांगरटी दिसायला लागल्या की मला गाणं सुचतं, आणि मी ते म्हणतेही. शेजारची बाई सरकून बसते. बसू दे.

या वर्षी मात्र दारातच आईने मला धरलं. पाणी नाही, गूळ नाही, सरळ कामाला लावलं.

"तू कालेजमा बठ्ठासले शिकाडस ना? मंग तुन्हा बापले शिकाड. भर दुपारले वावरमा जास तो."

बठ्ठासले म्हणजे सगळ्यांना, आणि त्यात आता बापही आला. गेल्या उन्हाळ्यात आबा, म्हणजे माझे वडील, कपाशीची धसकटं वेचता वेचता बांधावर कोसळले होते. शेजारच्या वावरातल्या दोघांनी मोटारसायकलवर मधे बसवून घरी आणलं, तिथून धुळ्याला नेलं, सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो. घरी आल्यावर आबांनी काय केलं असेल? डोक्याला उपरणं गुंडाळलं, खिशात कांदा टाकला आणि पुन्हा वावरात गेले. कांद्याने ऊन लागत नाही, अशी आमच्याकडे पक्की समजूत. कोसळले त्या दिवशीही कांदा खिशात होताच, हे त्यांना कोणी सांगायचं?

मी सांगितलं. जेवायला बसल्या बसल्या सांगितलं. आबा पुरणाची पोळी आमरसात बुडवत शांतपणे ऐकत होते, आणि मग त्यांनी मला एका झटक्यात गार केलं.

"सूर्य तोच शे ना बेटा? मंग ऊन बी तेच शे. सूर्यले मी वळखस. तू माले काय शिकाडस?"

जन्मभर ज्याच्याखाली उभं राहिलो, त्याला आपण ओळखतो, हा त्यांचा अभिमान होता. ऊन तेच म्हटलं तरी ते वाढलंय हे त्यांना आतून मान्य होतं. पण ते सूर्याचं काम, निसर्गाचा फेरा; येतो तसा जातो, म्हणून आपण आपलं काम करत राहायचं. कारण एकदा सूर्याच्या माथी मारलं की दुपारी घरी बसायचंही कारण उरत नव्हतं. म्हणजे जे भांडण लोक टीव्हीवर कोट घालून करतात, पृथ्वी माणसामुळे तापते की निसर्गामुळे, ते आमच्या ओट्यावर आलं होतं आणि त्यात माझा बाप पणाला लागला होता.

त्यात भर पडली माझ्या वर्गमैत्रिणीची. ती वरच्या आळीतली, शिरपूरला दिलेली, आखाजीला न चुकता येणारी आणि लहानपणापासून माझ्याशी न चुकता भांडणारी. तिने मोबाइलवर कुठूनतरी आलेला व्हिडिओ आबांना दाखवला. सूर्यावरचे डाग, पूर्वीचे बर्फाचे काळ, ज्वालामुखी, सगळं त्यात होतं. आबा खूश. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राग येण्याचं कारण म्हणजे त्यातलं बरंचसं खरंच होतं. निसर्ग थंडी-ऊन करतो, पूर्वीही त्यानेच केलं. प्रश्न एवढाच होता, की आत्ताचं हे कोणाचं? आगपेटी घरात होती म्हणून आग पेटवणारा कोण, ते ठरत नाही.

मी रात्रभर तळमळले आणि सकाळी चहा पिता पिता मला सुचलं. आंगणात तारेवर गोधड्या वाळत होत्या. आखाजीआधी घरातल्या सगळ्या गोधड्या विहिरीवर नेऊन धुवायच्या, हा आमच्याकडचा रिवाज. त्या तारेवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत कडक होईपर्यंत वाळतात. गोधडी! मी चहा अर्धा टाकून उठले आणि आईला म्हटलं, बंब पेटव.

घटकाभरात ओट्यावर आळीतल्या बायका जमल्या. मैत्रीणही आली, ती तमाशा बघायलाच. मी बंबातलं कढत पाणी दोन सारख्या तांब्यांत ओतलं. एका तांब्याला जुन्या लुगड्याचा एक पदर गुंडाळला, दुसऱ्याला तारेवरची जाडजूड गोधडी. मग आवाज चढवून सांगितलं, "आबा, नीट ऐका. चुलीतला जाळ वाढला, म्हणजे सूर्य जास्त तापला, तर आत बी गरम व्हई आन बाहेर बी गरम व्हई. पन जाळ तोच ठेवा आन गोधडी जाड करा, तर आत गरम ऱ्हाई आन गोधडीना बाहेर गार लागी. आते हात लावा."

आबांनी आधी लुगड्यावर हात ठेवला, मग गोधडीवर. आणि त्यांचा चेहरा उजळला.

"देख! बाहेरथीन बी गरमच शे! सूर्यच शे तो!"

मी हात लावला. गोधडी खरंच गरम होती, लुगड्यापेक्षाही. सगळ्या बायका हसल्या. मैत्रीण तर खांबाला धरून हसली. इतकी वर्षं प्रयोगशाळेत उभी राहिले आणि माहेरच्या ओट्यावर माझा तांब्या मला दगा देतो? मी पुन्हा चाचपलं. गोधडीचं एक टोक ओट्यावरून खाली लोंबत होतं, तांब्यापासून चांगलं हातभर लांब. मी सहज ते धरलं. तेही गरम!

मी अशी ओरडले की आंगणातली शेळी उठून उभी राहिली. गोधडी उन्हातूनच आणली होती, ती स्वतःच तापलेली होती. आखाजीला गोधड्या वाळत घालणाऱ्या घरातच असली चूक होऊ शकते, दुसरीकडे कुठे होणार? आईने घरातून, लाकडी पेटीच्या तळातून, एक सावलीतली गोधडी आणली. पाणी पुन्हा ओतलं, पुन्हा गुंडाळलं, आणि या वेळी मी सगळ्यांना थांबायला लावलं. थांबणं माझ्या स्वभावात नाही. मी ओट्यावर येरझारा घालत होते आणि बायका माझ्यावर कोट्या करत होत्या.

आबांनी हात लावला. लुगडं गरम होतं. गोधडी वरून गार. मग दोन्ही उघडून पाण्यात बोट घातलं, आणि गोधडीतल्या पाण्यातून ते झटकन काढलं. बोट तोंडात घालून ते दोन्ही तांब्यांकडे आळीपाळीने बघू लागले.

मग मी सुटले! सांगितलं, की अशीच एक गोधडी पृथ्वीभोवती आहे, हवेची. ती मुळात हवीच, नाहीतर आपण गारठून मरू. पण आपण कोळसा जाळून वीज केली, डिझेल जाळून गाड्या आणि ट्रॅक्टर पळवले, त्यातून निघालेल्या वायूने तिच्यावर थरावर थर चढवले. आणि शास्त्रज्ञांनी आबांसारखाच वर हात लावून बघितला आहे. आपल्या जवळची हवा तापत चालली आणि खूप वरचे थर थंड होत चालले. सूर्याचं काम असतं तर वरही तापलं असतं. गोधडी आणि आभाळ काही तंतोतंत एक नाही, वर्गात मी तसं सांगतेही. पण खूण हीच. "तुमचंच खरं, आबा," मी म्हटलं, "सूर्य तोच शे. म्हणूनच हाई ऊन त्यानं नही."

मला त्यांना हरवायचं नव्हतं, जिवंत ठेवायचं होतं.

आबांनी गोधडीच्या टाक्यांवरून बोट फिरवलं. "गोधडी कोनी शिवी मंग?"

"आपन बठ्ठासनी. कोनी जास्त, कोनी कमी."

"मंग उसवाले बी बठ्ठासलेच बसनं पडी," ते म्हणाले आणि उठून गुरांना पाणी पाजायला गेले. वावराबद्दल हो नाही की नाही नाही. आई माझ्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी नदीवर आखाजीला बसवलेली गौराई बोळवायला गेलो. पांझरेत तेव्हा नुसती वाळू. आमच्या गावची रीत अशी, की पात्रात वरच्या आळीच्या बायका एका अंगाला, खालच्या आळीच्या दुसऱ्या अंगाला उभ्या राहतात आणि गाण्यातून एकमेकींची यथेच्छ उणीदुणी काढतात. सासवा, नवरे, नाक-डोळे, काही सुटत नाही. त्या दिवशी मैत्रिणीने हात नाचवत सुरुवातच केली:

"सूर्य तापस आभायमा, त्याले कोन इझाडी?
मास्तरीन उनी शहरनी, करस आठे खोडी!"

सूर्य कोण विझवणार, आणि ही शहरातून आलेली मास्तरीण इथे उगाच खोडी काढते! वरच्या आळीने टाळ्यांचा कडकडाट केला. मी कमरेला पदर खोचला. मागून आई ढोसत होतीच.

"सूर्य तोच शे आज्याना, त्यानावर नको चिडू,
धूर करतस आपनच, मंग कोनले शिव्या देऊ?"

आमच्या आळीने असा गलका केला की पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकायला लागली. कोण जिंकलं ते ठरलं नाही, आमच्याकडे ते कधीच ठरत नाही. घसा बसेपर्यंत गायलो. शेवटी मैत्रीण पात्र ओलांडून आली, माझ्या तोंडात सांजोरीचा तुकडा कोंबला आणि कानात म्हणाली, "मन्हा सासराले बी सांगनं पडी. तो बी दुपारना ऐकत नही."

दुसऱ्या दिवशी मला परत निघायचं होतं. जेवणं लवकर झाली. भर दुपारी पिशव्या भरून बाहेर आले तर लिंबाखालची आबांची खाट रिकामी. खुंटीवरचं उपरणं नाही. दारातल्या चपला नाहीत. आई चुलीपाशी राख ओढत बसली होती.

मी चप्पल शोधत थांबले नाही. तशीच अनवाणी वावराच्या वाटेला लागले. माती तव्यासारखी तापली होती, पाय टेकवत नव्हता. रडूही येत होतं आणि रागही. एवढं गायले, एवढं शिकवलं, आणि हा माणूस गेला तो गेलाच!

मारुतीच्या पाराशी वळले आणि थांबले. पिंपळाखाली गावातली चारदोन म्हातारी माणसं बसली होती, खांद्यावर उपरणी टाकून वावराकडे निघालेली. मधोमध आबा. त्यांच्यापुढे चहाचे दोन ग्लास, एक उघडा, दुसरा उपरण्यात चांगला गुंडाळलेला. ते एकेकाचा हात धरून उपरण्यावर टेकवत होते.

"सूर्यले मी वळखस," ते सांगत होते. "हाई ऊन मी वळखत नही."

मग त्यांची नजर माझ्याकडे, माझ्या अनवाणी पायांकडे गेली. ते चटकन बाजूला सरकले आणि शेजारच्या जागेवर हात थोपटून म्हणाले, "पाय भाजतीन बेटा. सावलीमा ये."