चौथं अंडं

मी चौथीपर्यंत शिकलेलो. पण कोंबड्यांतलं मला कुणी शिकवू नये, असं नातीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं.

ती कल्याणच्या कॉलेजात अंड्यातल्या पिल्लाचा अभ्यास करते. तिला जीव धरलेली गावठी अंडी हवी होती. तीन.

आमची कोंबडी म्हणजे माझ्या बायकोची. लग्न होऊन कळव्याहून कोलशेतला आली तेव्हा टोपलीत माहेरची तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, घेऊन आलेली. त्या वंशातली ही शेवटची, तीही म्हातारी. कोंबडा मुंगसाने नेला. त्याच्या वेळची नऊ अंडी मी जपून ठेवलेली. बायको जाऊन वर्ष होत आलेलं. निदान तिच्या कोंबड्या दारात राहाव्यात, एवढंच मनात होतं.

नऊतून तीन गेली तर सहा उरतात. उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखाली सम अंडी बायकोने कधी ठेवली नाहीत. मी चौथं पुढे केलं.

नात म्हणाली, "आजोबा, तीन पुरतात मला. कोंबडी काय मोजायला बसणारे?"

"ती नाही मोजत. तुझी आजी मोजायची."

तीन अंडी तिने कॉलेजच्या उबवणी यंत्रात ठेवून तिसऱ्या दिवशी फोडली. पिल्लू नखाएवढं असतानाच त्याच्या पुढच्या पिढीचं बीज रक्तातून वाहत जाऊन आपली जागा धरतं, म्हणाली. मी म्हटलं, रक्तातून येतं हे मला कॉलेजात न जाता ठाऊक आहे. ती हसली.

चौथं यंत्राच्या उबेत तसंच राहू दिलेलं. ते दहाव्या दिवशी पाहिलं नि मोबाईलवर फोटो घेऊन आली. डावीकडची अंड्यांची पिशवी वाढत होती, उजवी आकसत चाललेली. कोंबडीत एकच बाजू धरते.

"म्हणजे तलंग होती," मी म्हणालो.

"हो ना. तिच्या अंड्यांचं बीसुद्धा आत तयार होत होतं."

मग माझ्या तोंडाकडे बघून तिने मोबाईल पालथा ठेवला.

घरच्या पाचांतून तीन पिल्लं निघाली. दोनेक महिन्यांनी तिघांचे तुरे लाल झाले. तिन्ही कोंबडे. म्हातारीने पुन्हा अंडं घातलं नाही.

नात म्हणते, दुसरीकडून तलंग आणते. मी नको म्हणतो. ती कळव्याची नसेल.

सहा ठेवली असती तर चाललं असतं का, हे विचारायला आता घरात माणूस नाही.