भिंतीला पोट आलं

आमच्या घाटकोपरच्या घरामागे हातभर रुंदीचा बोळ होता आणि बोळापलीकडे लगेच डोंगर. लग्न करून मी पार्ल्याहून तिथे आले तेव्हा स्वयंपाकाच्या खोलीचं मागचं दार उघडलं की लाल माती आत यायची. ताटात माती, अंथरुणात माती. माहेरी मी हे सांगितलं तर आईला वाटलं, मी कौतुकच करतेय.

गिरणीचा संप फिसकटला आणि सासरे घरी बसले. बसून राहणारा माणूस नव्हता तो. त्यांनी डोंगर थोपवायला काँक्रीटची भिंत बांधायची असं ठरवलं. मिस्त्री आणला, सळया बांधल्या, फळ्या ठोकल्या. काँक्रीट ओतायच्या दिवशी अख्खी गल्ली आली. आमच्याकडची कोकणातली माणसं, वरच्या अंगाची साताऱ्याकडची बौद्ध मंडळी, सगळ्यांनी घमेली पास केली. शेवटी चहा आणि वडे. सासरे तर असे मिरवत होते की लग्न पुन्हा त्यांचंच आहे. मिस्त्रीने भिंतीत खालच्या बाजूला ओळीने पाइपाचे तुकडे ठेवले होते. मुरलेलं पाणी बाहेर पडायला. पहिल्या पावसाळ्यात त्यांतून नळासारखं गढूळ पाणी यायचं आणि बोळातून गटाराला जायचं. घरात माती येणं बंद झालं. मी सुटले.

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. तिची झोळी आम्ही मागच्या खोलीत बांधली, कारण तिथे गारवा होता. एके दिवशी सासूबाई त्या पाइपांकडे बघत म्हणाल्या, "ह्या भोकांतसून जनावर भितर येतला."

मी हसले. मला वाटलं, बकरी म्हणतायत. "आई, एवढ्याशा भोकातून कुठलं जनावर येणार?"

त्यांच्याकडे सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात, हे मला पार्लेकरणीला कुठून माहीत असणार! पाऊस सुरू व्हायच्या आधी कधीतरी त्यांनी जुन्या लुगड्याच्या चिंध्या सगळ्या पाइपांत ठासून भरल्या, वर सिमेंटचा लेप दिला. सासरे तेव्हा वॉचमनच्या नोकरीला लागले होते, दिवसभर घराबाहेर. मला वाटलं, उंदरांसाठी असेल. घरात बाई काहीतरी बुजवते, सारवते, त्यात विचारायचं काय?

त्या श्रावणात पाऊस थांबायचं नावच घेईना. नागपंचमीच्या दुपारी मी भांडी घासायला बोळात गेले आणि माझ्या हातातला तांब्या खाली पडला. भिंतीला पोट आलं होतं. सरळसोट भिंत मध्यावर फुगून घराकडे झुकली होती आणि आडवी चीर पडली होती. चिरेतून पाणी पाझरत होतं. पाइप मात्र कोरडे ठणठणीत.

मी ओरडले. नवरा कामावर होता, पण सासरे सणाची सुट्टी म्हणून घरीच होते. ते धावत आले, पाइपांची बुजवलेली तोंडं बघितली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "ह्या कोणी केल्यान?" असं विचारत त्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली.

सासूबाई दारात आल्या. हाताला पातोळ्यांचं पीठ तसंच. "आज खणूचा नाय, खुपसूचा नाय. नागपंचमी आसा. फाल्यां काय ता करा."

त्या दिवशी आमच्या घरात विळीसुद्धा पाटाखाली गेलेली असायची, ते ठीक. पण डोंगर अंगावर येतोय आणि ही बाई पंचांग बघून उद्यावर ढकलतेय? माझा पाराच चढला. "आई, भिंत पडेल! माझं बाळ आत आहे!"

"म्हणानच सांगतंय!" त्या किंचाळल्या. मी त्यांचा तसला आवाज कधी ऐकला नव्हता. "माझ्या पयल्या झिलाक जनावरान नेल्यान. ह्या चेडवाक मी नेऊक देवचंय नाय!"

मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे न बघताच दोन वाक्यांत सांगितलं. माझ्या नवऱ्याच्या आधी एक मुलगा होता, गावच्या घरी झोपेत त्याला साप चावला, हे मला तेव्हा, त्या बोळात कळलं. गिरणीच्या गेटवर घोषणा देणारा तो माणूस, त्याने पहार हळूच भिंतीला टेकवली. म्हणाला, "फाल्यां उजाडताच काढतंय."

मला अजून विश्वास बसत नाही. कळत होतं तरी टेकवली त्यांनी पहार.

तेवढ्यात चिरेतून पाण्याची चिळकांडी उडाली, थेट माझ्या तोंडावर. मी आत धावले, झोळीतून पोरीला ओढून काढलं आणि पुढच्या दाराने गल्लीत आले. मागून सासरे सासूबाईंना अक्षरशः फरपटत घेऊन आले. आम्ही समोरच्या ओट्यापर्यंत पोचतो न पोचतो तोच जमीन हादरली. मोठा धडाड वगैरे काही नाही. जड, ओला आवाज, आणि मग पत्रे चिरडल्याचा.

मागची खोली उरलीच नव्हती. दारापर्यंत चिखल, त्यात काँक्रीटचा अख्खा तुकडा आडवा. झोळीचा दोर वरच्या वाशाला लोंबत होता, खालचा भाग चिखलात गाडलेला. मी बघत राहिले. रडूही येईना.

वरच्या अंगाच्या साताऱ्याच्या मावशींनी आम्हाला आपल्या घरी नेलं, कोरडे कपडे दिले, चहा दिला. सासूबाई भिंतीशी बसल्या. हात मांडीवर, पीठ सुकून बोटांना चिकटलेलं. पोर रडायला लागली. एरवी ती रडली की माझ्याआधी त्या उठायच्या. आज हलल्या नाहीत.

मी पोरीला त्यांच्याकडे नेलं. त्यांनी हात मागे लपवले.

"माका नको गो. माझ्या हातात नको."

मला राग आला, भयंकर राग. त्यांचा, त्या भिंतीचा, पंचांगाचा, सगळ्याचाच. आणि त्याच रागात मी पोरीला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि दूर जाऊन बसले. त्यांनी हात काही पुढे केले नाहीत. पोर मांडीवरून घसरायला लागली, आणखी घसरली, मी जागची हलले नाही. अगदी शेवटी त्यांनी तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि त्या मोठ्याने रडायला लागल्या.