बोळाच्या टोकाची तिकोनी जागा

वडगावातल्या आमच्या बोळाच्या टोकाला आमची एक लहानशी तिकोनी जागा होती. वाटणीत ती वडिलांकडे आली, कारण त्यांच्या भावांपैकी कुणालाच ती नको होती. सगळ्या बोळाचा कचरा तिथं पडायचा. मागाची मोडकी लाकडं, फुटक्या फरश्या, मेलेल्या घुशी. आईनं तिथं घर बांधायचं ठरवलं आणि ती जागा एकाएकी सगळ्यांची झाली.

घर माझ्या धाकट्या भावासाठी होतं. तो चाळिशीला आलाय, पण समज लहान पोराएवढी. आंघोळ करतो, जेवतो, सांगितलेलं काम नेकीनं करतो. एकटा मात्र राहू शकत नाही. दवाखान्याच्या बाकावर आईला तिच्यासारख्याच आणखी तिघी भेटल्या होत्या. आपल्यामागं पोरांचं काय, हा चौघींचाही घोर. त्यांनी मिळून ठरवलं, चौघांना चार लहान खोल्या, खाली एकत्र स्वयंपाकघर आणि सांभाळायला कायम राहणारी एक बाई.

समोरच्या घरातले अण्णा वडिलांचे जुने मित्र. त्यांच्या मागांसाठी माझा भाऊ वर्षानुवर्षं सुताच्या कांड्या भरत आला होता, नुसत्या चहावर. त्याच अण्णांनी देवळात बैठक बोलावली. बोळाचं नाव जाईल, घरांना गिऱ्हाईक मिळणार नाही, पोरींची लग्नं अडतील, असं एकेक जण बोलत गेला. मागून कुणीतरी ‘हुच्चांचं घर’ म्हणालं. वेड्यांना हा कानडी शब्द आमच्याकडे पटकन तोंडात येतो. काहीजण हसले. कोण कोण हसलं, ते मला अजून पाठ आहे.

शेवटी अण्णा आईला म्हणाले, “वैनी, तुमचं पोरगं आमचंच हाय. पण बाकीचे कोण, कुठले? बोळात पोरीबाळी हाईत. उद्या कायतरी झालं तर?”

आई उठून उभी राहिली. “माझं पोरगं तुमच्या घरात कांड्या भरत बसायचं, तवा तुमच्या पोरी कुठं गेलत्या?”

अण्णांनी बैठक आटोपती घेतली. विरोध मात्र सोडला नाही.

वाळूचा टेम्पो आला की बोळाच्या तोंडाशी स्कूटर आडव्या लागायला लागल्या. पाया खणून झाला, तर सकाळी त्यात राडारोडा. भिंतींवर मारायला कुणी पाणी देईना. मी राहायला हिंदवाडीत, पण कामावरून थेट तिथं यायची आणि लांबच्या बोअरवरून घागरी वाहायची. दारात बसलेल्या बायका बघत राहायच्या. लहानपणी त्यांच्या पाणी भरण्याला मी हातभार लावला होता, म्हणून राग जास्तच यायचा.

मग कुणीतरी कॉर्पोरेशनात तक्रार केली. माणसं टेप घेऊन आली आणि एका बाजूला जास्त जागा सोडायला लावली. एक खोली गेली.

कुणाची, हे आम्हाला ठरवावं लागलंच नाही. चौघींपैकी खानापूरहून येणारी आई आपण होऊन म्हणाली, “तुमच्या पोरांना हितली माणसं वळखत्यात. माझ्या पोराला कोण वळखतंय? उद्या त्यालाच मारतील.” खोली बघायला म्हणून तो आपलं पांघरूण घेऊन आला होता. ते काखेत धरूनच तो आईबरोबर गाडीला गेला. आम्ही कुणी त्यांना थांबवू शकलो नाही.

घर उभं राहिलं. वास्तुशांतीला बोळातलं कुणी आलं नाही. आईनं शिऱ्याची ताटं भरली आणि मला घरोघर पाठवलं. मला जायचं नव्हतं, पण गेले. काही दारं उघडलीच नाहीत. अण्णांच्या बायकोनं ताट आत नेलं, रिकामं केलं, धुतलं आणि तसंच कोरडं माझ्या हातात दिलं. आमच्यात रिकामं ताट कुणी परत देत नाही. साखरेचे चार दाणे तरी टाकतात.

आता तिघं तिथं राहतात. सांभाळणाऱ्या आक्का खमक्या आहेत, कुणाची आगळीक चालू देत नाहीत. समोरच्यांनी आमच्या बाजूची खिडकी विटांनी बुजवून घेतलीय.

गेल्या महिन्यात अण्णांच्या नातवाचं बारसं होतं. आई नवं लुगडं नेसून, भावाचा हात धरून निघाली. मी दार अडवलं. ज्यांनी एका पोराला परत पाठवलं, त्यांच्या घरी पाय कसा टाकतेस, असं विचारलं.

“तू हिंदवाडीत ऱ्हातीस,” ती म्हणाली. “ह्यो बोळात ऱ्हातोय. मी गेल्यावरबी ऱ्हाणार हाय.”

ती भावाला घेऊन गेली. मी गेले नाही.